पात्याची सपाट बाजू

ठाणे, ता. ९ ऑक्टोबर १८९१

इनास,

तुझा चाकू इथेच राहिला आहे. क्रुसाखालच्या फळीवर, मेणबत्त्यांच्या डब्यामागे. घाईत राहिला की मुद्दाम ठेवलास, हे मी विचारत नाही. त्या दिवशी तू ताटावरून उठलास तेव्हा पायांत वहाणाही धड घातल्या नव्हत्यास, मग चाकूची आठवण कुठून राहणार?

कॉन्व्हेंटात आम्हांला पत्रं इंग्रजीत लिहायला शिकवली. आधी प्रकृतीची चौकशी, मग हवापाण्याचं, आणि कामाचं अगदी शेवटी. तुला मी मराठीत लिहिते आहे, आणि कामाचं आधी सांगते.

तुझा चाकू मला घासायचा आहे. नुसती धार लावायची नाही, पात्याचा आकारच बदलायचा आहे. एकदा घासलेलं पोलाद परत येत नाही, म्हणून विचारते.

रेल्वेच्या मोजणीत तू बागेत ठोकलेली खुंटी कागदी आंब्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर आहे. मिठाच्या वाघिणींसाठी नवीन साइडिंग तिथूनच जाणार आणि खाडीकडची सगळी ओळ पडणार, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बाकीच्या झाडांचं मला दुःख आहे, पण त्यांची कलमं गावभर आहेत. कागदीचं तसं नाही. तुझ्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना कलमं बांधून दिली, पण कागदीची एक डहाळी कुणाला दिली नाही. फादरांनी मागितलं तरी दिलं नाही. बंगल्यातल्या साहेबाचा शिपाई आला, तर त्याच्या हाती पायरीचं कलम ठेवून ‘हेच ते’ म्हणून सांगितलं. लोकांनी आपल्याच दारात येऊन तो आंबा खावा, ही त्यांची हौस. आता त्या जातीचं एकच झाड जगात आहे, आणि ते तुमच्या साहेबाच्या दुर्बिणीसमोर उभं आहे.

मी म्हटलं, कलम बांधू या. ते म्हणाले, “कुणी? मी? मला भाताचं शीत दिसत नाही.” मोतीबिंदू आता दोन्ही डोळ्यांत उतरला आहे. आणि त्यांचा कलमाचा चाकू घासून घासून गवताच्या पातीएवढा झाला होता, तो मागच्या वर्षी फांदीतच मोडला. बाजारातले चाकू नरम लोखंडाचे, दोन फांद्यांत बोथट होतात. तुझा विलायती चाकू पोलादाचा आहे, पण धारेच्या मागे फार जाड. खुंट्यांना टोकं काढायला तो ठीक. कोवळ्या सालीत घातला तर कापण्याआधी साल फाडतो.

तेव्हा हो किंवा नाही, एवढंच लिही.

तुझ्या बाबांना मी सांगितलं आहे की मदर सुपीरियरना पत्र लिहिते आहे. ते म्हणाले, “बरंच लांबलचक दिसतंय.”

“तुम्हांला कसं दिसलं?”

“टाकाचा आवाज येतोय ना केव्हाचा.”

तुझी आई


ता. २६ ऑक्टोबर

इनास,

तुझं उत्तर नाही. तू नाही म्हटलं नाहीस, तेवढं मी पुरेसं धरलं.

चाकू कुठून आणला म्हणून तुझ्या बाबांनी विचारलंच. कल्याणच्या बाजारात घेतला, असं मी सांगितलं. कल्याणला मावशीकडे मी गेले होते खरी, त्यामुळे निम्मं तरी खोटं नाही.

आणि पहिल्याच फेरीत मी घोटाळा केला. कॉन्व्हेंटात दर शनिवारी चर्चची चांदी उजळायचं काम आम्हां मुलींकडे असे. खडूची पूड, ओलं फडकं, आणि गोल गोल हात. सिस्टर मागे उभ्या राहून बघायच्या. कुठे बोटाला टोचेल अशी कड राहता कामा नये, मऊ दिसलं पाहिजे, असं त्यांचं सांगणं. तो हात माझ्या अंगात इतका मुरला आहे की चाकू धरला आणि तोच सुरू झाला. विटेची पूड, राख, फडकं, गोल गोल. तिसऱ्या दिवशी पातं असं झळकायला लागलं की मला स्वतःचे दात दिसले. मोठ्या तोऱ्यात नेऊन तुझ्या बाबांच्या हातात दिलं.

त्यांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला. मग उलटा करून फिरवला. मग म्हणाले, “मारी, चमचा केलास की गं ह्याचा!”

मला राग आला. मी म्हटलं, “चमकतो किती ते तुम्हांला दिसत नाही.”

“चमकत असेल. पेज प्यायला घेऊ.”

आणि हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणून हे तुला लिहिते आहे, नाहीतर माझी फजिती कळवण्यासाठी दोन पैशांचं तिकीट कोण खर्च करतं?

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. कलमाच्या चाकूची एक बाजू पाटीसारखी सपाट हवी, पाठीपासून धारेपर्यंत. उतार द्यायचा तो फक्त दुसऱ्या बाजूला. सपाट बाजू फांदीला टेकवून ओढली की काप सरळ येतो. पातं फुगीर असेल तर ते फांदीत शिरतं आणि पुन्हा वर येतं, काप होडीसारखा होतो. दोन होड्या एकमेकींवर ठेवल्या तर मधे फट राहणारच. फटीत पाणी शिरलं की कलम मेलं. चकाकी शेवटी, सपाटी आधी.

मी कॉन्व्हेंटात शिकलेलं सगळं उलट्या क्रमानं करायचं आहे, एवढं मला कळलं.

तुझी आई


ता. ८ नोव्हेंबर

इनास,

तुझ्या खोलीच्या खिडकीत आता माझा कारखाना आहे. ओला टॉवेल, त्यावर दगड, बाजूला पाण्याची कळशी. दुपारभर घासते. पात्याची जाडी अशी हट्टी आहे की घासलेलं दिसतच नाही, नुसतं पाणी काळं होतं.

आधी मी आपल्या पाट्याच्या मागच्या अंगावर घासत होते. खूप घासूनही बाबा म्हणत, फुगीर आहे. माझा विश्वास बसेना. मग मी एक युक्ती केली. दिव्यावर धरलेलं काजळ पात्याच्या सपाट बाजूला चोपडलं आणि दगडावरून एकदाच हलकं ओढलं. जिथे दगड लागला तिथलं काजळ गेलं, जिथे लागला नाही तिथे राहिलं. पाहते तर मधे स्वच्छ पट्टी, आणि धारेला व पाठीला दोन्हीकडे काळं. बाबा बरोबर होते. पातं पोटावर डुलत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या घरातली, मिठागरातली लक्ष्मी आली. काळुरामची बायको, तुला लहानपणी चिंबोऱ्या आणून द्यायची ती. मला काजळ पुसताना बघून दारातच थबकली.

“काय गो मारीबाय, चाकूला नजर लागली का काय?”

मी सगळं सांगितलं. तिनं दगडावर हात फिरवला आणि म्हणाली, “अगो, चाकू नाय वाकडा. तुझा पाटाच मधी खोल झालाय. जन्मभर मसाला वाटलास ना त्याच्यावर?”

“मसाला पुढच्या अंगावर वाटते. हे मागचं.”

“आणि सासूबाय कुठच्या अंगावर वाटायची?”

खरंच की. माझ्या सासूबाईंनी घासून खोल केला म्हणून तर मी लग्न होऊन आल्यावर तो उलटा केला होता! विसरूनच गेले होते. म्हणजे एवढे दिवस मी चाकूला त्यांच्या मसाल्याचा खड्डा शिकवत होते.

लक्ष्मीनं घरून दोन फरशीचे तुकडे आणले. मिठागराच्या बांधावरची बारीक रेती मधे घालून आम्ही दोघींनी ते एकमेकांवर फिरवले, कधी हा वर, कधी तो. ती गात होती, मी प्रार्थना म्हणत होते. हाताचा ठेका जमला. दोन्ही सपाट झाले. आता एकावर ओली रेती टाकून खरबरीत घासते आणि दुसरा नुसता पाण्याचा, मऊ हातासाठी.

जाताना तिनं विचारलं, “इनास येतो का गो?”

मी म्हटलं, त्याला खडवलीच्या पुलावर काम फार आहे.

आत बाबा खोकले. खोकला नव्हता त्यांना.

तुझी आई


ता. २२ नोव्हेंबर

इनास,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं असलं तरी पत्रच. झाडं फेब्रुवारीत पाडायची आहेत आणि ती तारीख तुझ्या हातात नाही, हे समजलं. खुंटी तू ठोकली नसतीस तर दुसऱ्यानं ठोकली असती, हेही समजलं. तू तेव्हाही हेच म्हणाला होतास. मला ते पटतं. पण ज्या हातानं खुंटी ठोकलीस त्या हातानं माझ्या घरात जेवू नकोस, असं ज्यांनी म्हटलं, ते त्या झाडाखाली चालायला शिकले. त्यांना मी काय पटवू?

“चाकू खुशाल खराब कर,” असं तू लिहिलं आहेस. बाळ, मी तो खराब करत नाही.

सपाट बाजू आता सपाट आहे. काजळ लावून ओढलं की सगळंच्या सगळं एकदम पुसलं जातं. दुसऱ्या बाजूला लांब, पातळ उतार काढला. धारेला केसासारखी तार चढली, बोटाला लागली तेव्हा मला काही कळेना. बाबा म्हणाले, आली ती चांगली गोष्ट झाली, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या. मऊ दगडावर हलक्या हातानं ती काढली, मग तुझ्या जुन्या कंबरपट्ट्याच्या चामड्यावर उलट्या दिशेनं ओढत राहिले.

आणि आता चकाकीची पाळी आली. बाबा म्हणतात, कलमाला चकाकी लागते ती उगाच नाही. खरखरीत पात्याला आंब्याचा चीक चिकटतो आणि हात अडखळतो. कोळशाची वस्त्रगाळ पूड, तेलाचा थेंब, आणि फडक्याऐवजी सपाट लाकडाची पट्टी, म्हणजे कड गोल होत नाही. हात सरळ, एकाच दिशेनं. सिस्टरांना हे बघून चक्कर आली असती.

काल दुपारी पातं उजेडात धरलं, तर त्यात खिडकीचे गज दिसले. चमच्यात दिसतात तसे वाकलेले नाहीत. सरळ, उभे, एकाशेजारी एक. मी कितीतरी वेळ बघत बसले.

मग परसातल्या रायवळ आंब्याच्या डहाळ्या तोडून काप घ्यायचा सराव केला. बाबा दोन कापलेल्या डहाळ्या एकमेकींवर दाबतात, त्यांची कड ओठाशी नेतात आणि फुंकर मारतात. पलीकडच्या हाताला वारा लागला तर म्हणतात, “दार उघडं राहिलं.” पहिल्या दिवशी सगळी दारं उघडी. काल संध्याकाळी त्यांनी फुंकर मारली, थांबले, पुन्हा मारली. दार बंद होतं. डहाळी खाली ठेवायलाही विसरले.

पाडायला फेब्रुवारी. सांधा जुळायला तेवढाच वेळ जेमतेम लागतो. तेव्हा आता थांबत नाही.

तुझी आई


ता. २ डिसेंबर

इनास,

कलमं बांधली.

काळुरामनं कागदीच्या खालच्या फांद्यांना लागून बांबूचा माळा घालून दिला. त्यावर कुंड्या चढवल्या, कोयीपासून आलेली रोपं त्यांत. फांदी झाडावरच राहते, रोप कुंडीत राहतं, दोघांना शेजारी शेजारी छिलून एकमेकांना बांधायचं. दोघंही आपापल्या मुळावर उभी असताना जुळायला शिकतात, मग तोडायचं. मी ह्या वयात लुगड्याचा काचा मारून शिडीवर चढले. लक्ष्मी खालून म्हणाली, “मारीबाय, पडलीस तर आंब्यात गाडू तुला, गोड येतील.”

बाबा बुंध्याशी स्टुलावर बसले होते. त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त कापाचा आवाज ऐकत होते. चांगला काप आला की आवाज कागद फाटल्यासारखा येत नाही, काहीच येत नाही. एकदा पातं अडखळलं तेव्हा ते खालून म्हणाले, “ती सोड. दुसरी फांदी घे.” केळीच्या सोपटाच्या दोरीनं घट्ट बांधलं, वर शेणमाती लिंपली. चिकानं पातं काळं पडलं. इतकं उजळलेलं! पण वाईट वाटलं नाही.

खाली उतरून मी चाकू पुसला आणि मिटला. बाबा म्हणाले, “तेल लाव त्याला. स्प्रिंगेतही सोड थेंबभर. त्याचा आहे, गंजायला नको.”

मी म्हटलं, “कुणाचा?”

“कल्याणच्या बाजाराचा,” ते म्हणाले. “मारी, तो मिटताना दोनदा वाजतो. एकदा लहान, एकदा मोठा. वर्षभर रोज जेवणाआधी ऐकलंय मी ते.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला दगडावर बसवलं, चमचा म्हणून हसले, उतार शिकवला, ते सगळं हा तुझा चाकू आहे हे ठाऊक असून. मी तेल आणून स्प्रिंगेत थेंब सोडला.

तेच म्हणाले, “आधी नुसती पाचर होती ती. आता चाकू झाला.”

तू ये, असं ते म्हणाले नाहीत. मी उगीच काही वाढवून लिहीत नाही.

तुझी आई


ता. ३० जानेवारी १८९२

इनास,

घाईत लिहिते. परशुराम मुकादम माणसं घेऊन आला आहे. फेब्रुवारी म्हणाला होतास, पण करवती आजच खाली उतरल्या. सोमवारी सुरुवात, आणि ती स्टेशनाच्या बाजूनं, म्हणजे कागदीपासून.

सांधे अजून कोवळे आहेत. मी एक लिंपण सोडवून पाहिलं. जुळलं आहे, पण दुधावरच्या सायीएवढंच. आता तोडलं तर एकही जगणार नाही.

झाड वाचव, असं मी म्हणत नाही. तारीखही बदलू नकोस. ओळ पाडायचीच आहे, तर खाडीच्या टोकाकडून सुरू करता येईल का, एवढंच. कागदी शेवटी येईल. मला तेवढे दिवस हवे आहेत.

मुकादम म्हणतो, “बाई, मला कुठूनही सारखंच, पण मला सांगणारा मी नव्हे.” बाबा सकाळपासून माळ्याखाली बसून आहेत. जेवायला उठत नाहीत.

आई


ता. ६ मार्च १८९२

इनास,

सोमवारी सकाळी परशुराम मुकादम माणसांना घेऊन सरळ खाडीकडे चालता झाला. मी विचारलं तर म्हणाला, “वरून सांगणं आलं.” वरून म्हणजे कुठून, हे मी विचारलं नाही. लक्ष्मीनं रविवारी तुला मालधक्क्यापाशी त्याच्याशी बोलताना पाहिलं होतं. तू ठाण्यात आलास आणि घरापर्यंत आला नाहीस. ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. पण तू काम केलंस.

ओळ मोठी, झाडं जुनी, करवती चार. मधल्या दिवसांत मी तुझ्या चाकूनं सांध्याखाली फांदीला अर्धी खाच दिली, म्हणजे आईचं दूध हळूहळू कमी होऊन रोपाचं पाणी प्यायची सवय लागते. मग बाकीची अर्धी. गेल्या आठवड्यात कलमं खाली उतरवली. दुसऱ्या दिवशी कागदी पाडली. मोहोर होता तिला. बाबांनी ओसरीवर उभं राहून ऐकलं, आणि आवाज झाला तेव्हा टोपी काढली.

कलमं एकेक करून सुकली. ज्यांच्या वेळी मला सर्वांत जास्त खात्री होती ती आधी. एक उरलं आहे. त्याला काल तांबूस पालवीचं टोक आलं. मी बाबांचं बोट धरून त्यावर टेकवलं. त्यांनी लगेच काढून घेतलं, भाजल्यासारखं.

रात्री जेवताना म्हणाले, “इथे कुठे लावणार? उरलेल्या जागेत गाड्यांचा धूर.” मग बराच वेळ भात कालवत राहिले. “त्याला तिकडे स्टेशनाशेजारी जागा दिली आहे ना राहायला?”

मी म्हटलं, आहे, मागे थोडं अंगणही आहे असं लिहिलं होतं.

“मग रेल्वेच्या कुंपणाच्या आत लावायला सांग. दुसऱ्यांची झाडं पाडतात ते. स्वतःच्या हद्दीतलं नाही पाडणार.”

मी म्हटलं, पाठवते उद्या गार्डाबरोबर.

“गार्डाबरोबर?” ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की लक्ष्मीनं पलीकडून विचारलं काय झालं. “एक धक्का बसला की सांधा सुटेल. मांडीवर घेऊन बसावं लागतं ते. तू पिशव्या धरशील की कुंडी?”

तेव्हा असं ठरलं आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतो आहोत. कुंडी त्यांच्या मांडीवर असेल, तुझा चाकू माझ्या पिशवीत. कल्याणहून पुढे ते कधी आलेले नाहीत, आणि मी विचारलं तर म्हणतात, मी कलम पोचवायला चाललोय, बाकी कशाला नाही. तसंच समज. खड्डा आधी खणून ठेव, आणि जेवायला काहीतरी असू दे. ते जेवतील की नाही मला ठाऊक नाही.

खडवलीला गाडी फार थांबत नाही. त्यांना डब्यातून तू दिसणार नाहीस, आणि ते कुणाला विचारणार नाहीत. हाक तू मार.

तुझी आई